चिलखती माशांचे संग्राहक

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘दवाखान्याबाहेरचा छंद’ या विषयावर लेख द्यावा, असा आग्रह संपादक मंडळाने केला आणि मी ‘चिलखती मासे’ हा विषय कळवला. दूरध्वनीवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या आहारावर, फार तर लसीकरणावर लिहावे, हे रीतीला धरून झाले. परंतु सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या माशांशी त्यांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. ज्या जबड्याने आपण घास चावतो, त्या जबड्याच्या जडणघडणीचे अगदी प्रारंभीचे पुरावे या माशांच्या हाडांत सापडतात. आई आणि गर्भ यांना जोडणाऱ्या नाळेसारख्या रचनेचा आजवर ज्ञात असलेला सर्वांत जुना पुरावाही याच माशांनी दिला आहे. हा झाला शरीराचा संबंध. दुसरा संबंध व्यवसायाचा. या माशांचे अवशेष वेचणाऱ्यांत आणि त्यांना नावे देणाऱ्यांत आपल्या व्यवसायातील मंडळी इतक्या संख्येने भेटतात की, एखाद्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचे स्नेहसंमेलनच भरले आहे असे वाटावे. त्यांतील एका डॉक्टरचे आयुष्य तर आपल्या हैदराबादच्या वाटेवर गेले आणि धुळ्यात संपले. या लेखात प्रामुख्याने अशा संग्राहकांविषयी लिहायचे आहे.

प्रथम या माशांची थोडी ओळख करून घेऊ. शास्त्रीय परिभाषेत ज्यांना प्लॅकोडर्म म्हणतात, त्या माशांचे डोके आणि छाती जाड अस्थिपट्टांनी झाकलेली असे. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच ‘पट्टांची त्वचा असलेला’ असा आहे. त्यांतील अनेकांच्या डोक्याचे चिलखत आणि धडाचे चिलखत यांच्यामध्ये मानेशी बिजागरीसारखा सांधा असे. शेपटीकडचा भाग मात्र बहुधा उघडा आणि कूर्चेचा असल्यामुळे तो क्वचितच टिकून राहतो. सिल्युरियन कालखंडात हे मासे अवतरले, डेव्होनियन कालखंडात समुद्रांत, खाड्यांत आणि गोड्या पाण्याच्या सरोवरांतही त्यांचे राज्य होते, आणि सुमारे ३५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी तो कालखंड संपता संपता ते सर्वच्या सर्व नामशेष झाले.

आपल्या परिसरात हे मासे का सापडत नाहीत, असे मुले मला विचारतात. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. तो भूगर्भातील वितळलेला खडक थिजून तयार झाला, त्यात मासा असणे शक्य नाही. महाराष्ट्राचा काळा कातळ हा लाव्हाच्या थरांचा. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हे मासे लोपल्यानंतर कितीतरी काळाने आलेला. आपल्या घराघरांतली शहाबादी फरशी खरोखरच पाण्याखाली साचलेल्या गाळाची आहे, पण ती मासे जन्माला येण्यापूर्वीची. थोडक्यात, एक खडक फार जुना, दुसरा फार नवा, तिसरा योग्य प्रकारचा पण चुकीच्या काळातला! हे मासे पाहायचे तर स्कॉटलंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन अशा ठिकाणी जावे लागते.

मद्रास सैन्यातला डॉक्टर

जॉन ग्रँट माल्कमसन हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. १८०२ साली उत्तर स्कॉटलंडमधील फॉरेस या गावी जन्मलेला हा शल्यवैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात नोकरीला होता. बेरीबेरी या रोगावर त्याने लिहिलेला निबंध १८३५ साली मद्रासला प्रसिद्ध झाला. ब-१ जीवनसत्त्व वेगळे करण्यात यश येण्यास त्या वेळी सुमारे नव्वद वर्षांचा अवकाश होता. रोगाचे कारण ठाऊक नसताना केवळ बारकाईने पाहणे आणि पाहिलेले नीट टिपून ठेवणे एवढेच त्याच्या हाती होते, आणि तेच त्याने केले.

हीच सवय त्याने खडकांच्या बाबतीत लावली. हैदराबाद आणि नागपूर यांच्या दरम्यानच्या डोंगराळ मुलखात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये अडकलेले गाळाचे पट्टे त्याने पाहिले आणि त्यांतील गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले. या संग्रहावरचा त्याचा निबंध १८३७ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे वाचला गेला. लाव्हाचा एक लोट येऊन गेल्यानंतर आणि दुसरा येण्यापूर्वी मध्ये तळी होती, त्यांत जीवसृष्टी नांदत होती, हे या शंखांवरून उमगले. दख्खनच्या भूशास्त्राच्या इतिहासात या कामाला मानाचे स्थान आहे.

रजेवर मायदेशी गेल्यावर माल्कमसन आपल्या गावाच्या आसपास हिंडू लागला. त्या भागात चुनाभट्टीसाठी चुनखडकाचे गोटे खणून काढीत. ते फोडले की आत काळ्या चकचकीत हाडांचे मासे निघत. लेदन बार नावाच्या खाणीतील हे मासे त्याने जमवले, कोणता मासा कोणत्या थरात मिळतो याची नोंद केली आणि त्या मुलखातील तांबड्या वालुकाश्माचे थर परस्परांशी कसे जुळतात याची मांडणी केली. हा निबंध १८३९ साली वाचला गेला. पण पूर्ण स्वरूपात तो छापून आला १८५९ मध्ये. तोपर्यंत लेखक हयात नव्हता. नोकरीनिमित्त पुन्हा हिंदुस्थानात, या वेळी मुंबईस, आलेला माल्कमसन मार्च १८४४ मध्ये धुळे येथे ज्वराने मरण पावला. त्याचे वय अवघे एक्केचाळीस होते. मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीही त्याचा निबंध छापण्याजोगा वाटला, याचे कारण त्यातील नोंदींत शोधावे लागते. दगड कोठून उचलला, वर काय होते, खाली काय होते, हे त्याने लिहून ठेवले होते.

पाथरवट, पाववाला आणि तेरा मुलांची आई

या डॉक्टरच्या ओळखीतला एक माणूस त्याच्याहून पुष्कळ प्रसिद्ध झाला. ह्यू मिलर हा क्रोमार्टी या किनाऱ्यावरच्या गावातला पाथरवट. वयाच्या सतराव्या वर्षी त्याने हातात छिन्नी घेतली. दगडाच्या धुळीने त्याच्या फुप्फुसांवर कायमचा घाला घातला. आज आपण त्याला सिलिकोसिस म्हणू. परंतु त्याच छिन्नीखाली त्याला एक असा प्राणी गवसला की ज्याचे काय करावे ते कोणालाच कळेना. फिकट चुनखडकावर काळ्या हाडांची आकृती, अंगावर पट्टांचे कवच आणि दोन्ही बाजूंस पंखासारखे, सांध्यांचे दोन बाहू. कोणाला त्यात कासव दिसले, कोणाला भुंग्याची आठवण झाली. मिलरला तज्ज्ञांच्या वर्तुळाशी जोडून देण्यात माल्कमसनचा मोठा वाटा होता. स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी, ज्याच्या पदव्यांत म्यूनिचची वैद्यकाची पदवीही होती, त्याने १८४० मध्ये ग्लासगो येथील परिषदेत हा नमुना पाहून तो मासा असल्याचे सांगितले आणि त्याच्या नावात मिलरचे नाव गुंफले. हा मासा आज टेरिक्थिओडिस मिलेराय या नावाने ओळखला जातो. मिलरने १८४१ साली प्रसिद्ध केलेले ‘द ओल्ड रेड सँडस्टोन’ हे पुस्तक सामान्य वाचकांनी आवडीने वाचले. १८५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी या प्रतिभावान माणसाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. सहा हजारांहून अधिक नमुन्यांचा त्याचा संग्रह मात्र एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुरक्षित राहिला.

दुसरा संग्राहक रॉबर्ट डिक. हा थर्सो या अगदी उत्तरेकडच्या गावात पाव भाजीत असे. भट्टीचे काम आटोपले की मैलोन्मैल पायी भटकून तो वनस्पती आणि मासे वेचून आणी, आणि उत्तमोत्तम नमुने मिलरला देऊन टाकी. १८६३ साली त्याच्या दुकानासाठी येणारे पीठ जहाजाबरोबर बुडाले आणि देणे भागवण्यासाठी त्याला आपला जीवाश्मांचा संग्रह विकावा लागला. तीन वर्षांनी तो निर्धन अवस्थेत वारला. मायक्रोब्रॅकियस डिकाय या बोटभर लांबीच्या चिलखती माशात त्याचे नाव राहिले आहे. हा मासा पुढे पुन्हा भेटणार आहे.

तिसरी व्यक्ती एलिझा मारिया गॉर्डन-कमिंग. लेदन बारच्या खाणीतील माशांचा उत्तम संग्रह या बाईंनी केला. त्यांनी आणि त्यांच्या मुलीने या माशांची रंगीत चित्रे काढून तज्ज्ञांकडे पाठवली. अगासीने एका माशाला त्यांचे नाव दिले. तेराव्या बाळंतपणानंतर लवकरच, १८४२ मध्ये, त्यांचे निधन झाले. बाळंतिणीच्या मृत्यूची कारणे आज आपण रोखू शकतो, त्या काळी ते शक्य नव्हते. एवढ्या मुलांच्या संगोपनातून वेळ काढून एका गृहिणीने माशाच्या खवल्यांचे बारकावे कुंचल्याने उतरवावेत, याचे आईपणाचा रोज जवळून अनुभव घेणाऱ्या माझ्यासारखीला विशेष वाटते.

रॉकेलवाला डॉक्टर आणि ओहायोचा राक्षस

अटलांटिकच्या पलीकडेही आपले व्यवसायबंधू होतेच. लंडनला वैद्यक शिकून आलेला अब्राहम गेस्नर हा कॅनडाचा डॉक्टर. दगडी कोळशापासून दिव्याचे तेल काढण्याची युक्ती त्याने शोधली आणि त्याला केरोसीन हे नाव दिले. आपल्याकडे तेच रॉकेल म्हणून घराघरांत पोहोचले. याच गेस्नरने १८४२ साली क्वेबेकमधील मिग्वाशा येथील कड्यात जीवाश्म पाहिले आणि आपल्या अहवालात मासे आणि एक लहान कासव असा उल्लेख केला. ते कासव म्हणजे बोथ्रिओलेपिस नावाचा चिलखती मासा होता. या उल्लेखाकडे कोणी लक्ष दिले नाही आणि ते ठिकाण विस्मरणात गेले. १८७९ मध्ये कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना ते पुन्हा सापडले. १९९९ साली मिग्वाशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी जे टेरेल नावाचा खाणावळ-मालक राहत असे. १८६७ साली त्याला किनाऱ्यावरच्या काळ्या शेल खडकाच्या कड्यात प्रचंड जबड्यांची हाडे मिळाली. त्यांचे वर्णन केले जॉन स्ट्राँग न्यूबेरी यांनी. न्यूबेरी हे क्लीव्हलँड येथे काही वर्षे दवाखाना चालवलेले डॉक्टर, पुढे भूवैज्ञानिक झालेले. १८७३ मध्ये त्यांनी या माशाच्या नावात टेरेलचे नाव घातले. त्याच राज्यातील बेरिया गावचे डॉ. विल्यम क्लार्क यांनीही अशा माशांचा मोठा संग्रह केला, आणि टायटॅनिक्थिस या महाकाय माशाची एक जात त्यांच्या नावाने ओळखली जाते. टेरेलच्या माशाला १९५६ साली डंकलिऑस्टियस हे नवे नाव मिळाले. १९६० च्या दशकात क्लीव्हलँडजवळ महामार्गासाठी हाच खडक खोदला जात असताना तेथील निसर्गेतिहास संग्रहालयाने रस्त्याच्या कामाबरोबरच जीवाश्म उचलण्याची मोहीम चालवली. अन्यथा ते सारे भरावात गेले असते.

डंकलिऑस्टियसला खरे दात नव्हते. जबड्याच्या हाडांचीच धारदार पाती झालेली होती आणि ती एकमेकांवर घासून आपोआप परजली जात. २००७ साली दोन अमेरिकन संशोधकांनी जबड्याची रचना संगणकावर मांडून हिशेब केला. त्यानुसार टोकाशी सुमारे ४,४०० न्यूटन आणि मागच्या पात्यांपाशी सुमारे ५,३०० न्यूटन एवढा चाव्याचा जोर निघाला. आणि तोंड उघडण्यास सेकंदाचा अवघा पन्नासावा भाग पुरत असे.

हा मासा लांबीला किती होता, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. त्याचे डोके आणि छाती तेवढी सापडते. उरलेले शरीर कूर्चेचे असल्याने गेले. पूर्वीच्या पुस्तकांत आठ-दहा मीटरपर्यंतचे आकडे दिलेले असत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोळ्याच्या खोबणीपासून कल्ल्याच्या झाकणापर्यंतचे अंतर अनेक माशांत मोजून त्याचे एकूण लांबीशी असलेले प्रमाण काढले गेले. त्यावरून प्रौढ डंकलिऑस्टियस साधारण ३.४ मीटरचा आणि सर्वांत मोठा नमुना चार मीटरच्या थोडा वर ठरला. मासा निम्म्याहून लहान झाला! आपल्याला यात नवल वाटू नये. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते आणि प्रौढाचे सुमारे आठवा. नुसत्या डोक्यावरून शरीर ताडायचे तर प्रमाण कोणत्या शरीराचे धरले, हे आधी सांगावे लागते. डोक्याच्या घेराची फीत हाती घेऊन आयुष्य काढलेल्या कोणालाही हे पटेल.

माता-मासा

आता या संग्रहांनी आपल्याला काय दिले ते पाहू. पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली भागात गोगो नावाची जागा आहे. सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्रात प्रवाळांसारखी बांधणी होती. तेथील माशांची कलेवरे चुनखडकाच्या गोट्यांत बंदिस्त झाली आणि दाबली न जाता जशीच्या तशी, उठावदार राहिली. हे गोटे सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लातच, ठेवले की चुनखडक विरघळतो आणि कॅल्शियम फॉस्फेटची हाडे मागे राहतात. मधून मधून उघड्या पडलेल्या हाडाला पातळ चिकट द्रावणाचा हात देत आठवडेच्या आठवडे हे काम चालते.

२००५ साली तेथे मिळालेल्या एका गोट्यातून सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची मादी निघाली. तिच्या पोटात तिच्याच जातीच्या चिमुकल्या माशाची हाडे होती. गिळलेले भक्ष्य असते तर हाडे तुटलेली, पचनाने झिजलेली असती; ही तशी नव्हती. आणि त्या पिल्लाला जोडलेली, पिळाची, खनिजरूप झालेली एक दोरी होती. ती नाळ होती. जॉन लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हा शोध प्रसिद्ध केला आणि माशाला मॅटर्पिसिस, म्हणजे ‘माता-मासा’, असे नाव दिले. पिल्लाला जन्म देणाऱ्या पृष्ठवंशीय आईचा तो त्या वेळपर्यंतचा सर्वांत जुना पुरावा ठरला. अंडी सोडून निघून जायचे, की थोडीच पिल्ले पोटात वाढवायची, हा निवडीचा प्रश्न इतका जुना आहे.

रॉबर्ट डिकच्या नावाचा मासा येथेच पुन्हा भेटतो. २०१४ साली त्याच लाँग यांच्या गटाने मायक्रोब्रॅकियसच्या नराला शुक्राणू पोहोचवण्यासाठी हाडाचे आकडे असतात आणि मादीला ते धरून ठेवणारे पट्ट असतात, हे दाखवून दिले. स्कॉटलंड, एस्टोनिया आणि चीन येथील नमुने त्यासाठी तपासले गेले, आणि हौशी संग्राहकांनी जपलेल्या दगडांचाही त्यात हातभार होता. शरीरांतर्गत फलनाचा हा अतिप्राचीन पुरावा ज्या जातीत मिळाला, ती एका पाव भाजणाऱ्याच्या पायपिटीमुळे जगाला ठाऊक झाली होती.

२०२२ साली गोगोच्याच माशांत हृदय दिसले. नमुना आम्लात न बुडवता क्ष-किरणांच्या आणि न्यूट्रॉनच्या शक्तिशाली झोतांनी दगडाच्या आतच तपासला गेला. इंग्रजी एस अक्षरासारखे वळण असलेले, दोन कप्प्यांचे हृदय, मोठे यकृत, जठर आणि आतडे असे अवयव त्यात ओळखता आले. आम्ल वापरले असते तर हे मऊ अवयव चुनखडकाबरोबर निघून गेले असते. जुन्या पद्धतीने हाडे दिली, नव्या पद्धतीने हृदय दिले. आणि दोन्हींसाठी आधी कोणीतरी उन्हात फिरून तो गोटा उचलून, क्रमांक घालून कपाटात ठेवलेला असावा लागला.

चौथा शोध पिल्लांचा आहे. बेल्जियममधील स्ट्रूड या ठिकाणी चिलखती माशांच्या अगदी लहान पिल्लांचे अवशेष मोठ्या संख्येने आणि प्रौढांचे फारच थोडे मिळाले. हे त्या माशांचे पाळणाघर होते, असा निष्कर्ष २०१६ साली संशोधकांनी काढला. दिवाणखान्यात मांडण्यासाठी मोठा, देखणा मासा हवा असणाऱ्याने हे नखाएवढे पट्ट फेकूनच दिले असते.

संग्रह म्हणजे काय

माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये नोकरीस असल्यामुळे २०२२ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत केथनेस परगण्यातील आखानारास या जुन्या खाणीवर जाण्याचा योग आला. शहाबादीसारख्याच सपाट फरश्यांची ही खाण. आता तिच्या पोटात पाणी भरलेले आहे आणि काठावर टाकाऊ दगडांचे ढीग आहेत. तेथून जीवाश्म नेण्यासाठी परवानगी घ्यावी लागते, ती आम्ही आगाऊ घेतली होती. २००८ सालापासून स्कॉटलंडमध्ये जीवाश्म संग्राहकांसाठी आचारसंहिता आहे: जागेच्या मालकाची संमती घ्या, गरजेपुरतेच उचला, नोंद करा, महत्त्वाचे काही मिळाले तर संग्रहालयाला कळवा.

फरशीच्या कडेवर, थराच्या रेषेत, छिन्नी लावून हलका घाव घातला की ती वहीसारखी उघडते. बहुतेक पाने कोरी असतात. दोन दिवसांत आम्हाला काही खवले आणि कोकॉस्टियस या चिलखती माशाचा अर्धा पट्ट एवढेच लाभले. दगड दुभंगला की मासा दोन्ही अर्ध्या भागांवर वाटला जातो, म्हणून दोन्ही तुकडे ठेवायचे असतात. प्रत्येकाला क्रमांक घालायचा, वहीत स्थळ, थर, दिनांक आणि वेचणाऱ्याचे नाव लिहायचे, तुकडे वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळायचे. मुलीने माझी वही पाहून, “आई, हा तर तुझा केसपेपरच झाला,” असे म्हटले. तिचे म्हणणे खरे होते. रुग्णाचे नाव, वय, वजन, तारीख न लिहिलेला रक्ताचा अहवाल जितका उपयोगाचा, तितकाच स्थळाची चिठ्ठी नसलेला जीवाश्म.

माझ्या कपाटात याची साक्ष आहे. एका स्नेह्यांनी परदेशातील प्रदर्शनातून माझ्यासाठी मोरोक्कोच्या चिलखती माशाचा एक मोठा पट्ट आणला. तो आखानारासच्या अर्ध्या पट्टाहून कितीतरी भव्य आहे. तथापि तो कोणत्या टेकडीचा, कोणत्या थराचा, हे विक्रेत्याने सांगितले नव्हते, आणि भिंगाखाली पाहिले तर कडेचा बराच भाग रंगवलेल्या लांबीचा आहे. तेथील गोरगरीब लोक कष्टाने हे दगड खणतात; बाजारात किंमत येते ती देखणेपणाला, म्हणून तुटलेले जोडले जाते आणि अपुरे पुरे केले जाते. जो मासा शास्त्राला काही सांगू शकला असता, तो या वाटेने शोभेची वस्तू होतो. त्यावर प्रेम करता येते, अभ्यास करता येत नाही.

जीवाश्म पाहण्यासाठी परदेशीच जायला हवे असे मात्र नाही. आपल्या शहरातील बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस या डायनासोरचा सांगाडा उभा आहे. तो आदिलाबाद भागातील यामनपल्लीजवळ मिळालेल्या हाडांचा. माल्कमसन ज्या मुलखातून शंख वेचीत गेला, त्याच्या जवळपासचाच हा प्रदेश. शाळेच्या सुट्टीत नातवंडांना तेथे जरूर न्यावे.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी काही ना काही जमवलेले असते. वडिलांनी आणलेले शंख, सासऱ्यांची नाणी, आजोबांच्या दवाखान्यातील हस्तलिखित नोंदवह्या, महाविद्यालयीन काळात वाळवून ठेवलेल्या वनस्पती. घर बदलताना, वाटण्या होताना यांतील पुष्कळसे रद्दीत जाते, कारण ते काय आहे आणि कोठले आहे हे सांगणारा माणूस तोपर्यंत राहिलेला नसतो. असा माणूस आज घरात असेल तर त्याच्याजवळ बसून प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लिहून घ्यावी: काय, कोठून, केव्हा, कोणी. नंतर ती वस्तू कोणत्या संग्रहालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या उपयोगाची आहे, ते पाहता येईल. माझ्याकडच्या दगडांच्या चिठ्ठ्या लिहून झाल्या आहेत आणि माझ्यानंतर ते कोणत्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला द्यावेत, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. या कामी कोणा सभासदाला मदत लागली, तर रविवारी सकाळी मी मोकळी असते.